रविवार पाळणारे बुटके

हॅनिबल ट्रेंबाथच्या खाणीत कामाला माणसं दोन होती आणि बुटके सात, आणि मान बुटक्यांना जास्त होता. माणसांपैकी एक स्वतः हॅनिबल, दुसरा त्याचा मुलगा डेन्झिल. बुटके कुणी पाहिलेले नव्हते. सात हा आकडा हॅनिबलनं कुठून काढला ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्याच्या बायकोनं, केझायानं, एकदा विचारलं होतं की सातच कशावरून, सहा का नाहीत. त्यावर तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या माणसांना, म्हणजे कॉर्निश लोकांना, हे बुटके नवे नाहीत. हातभर उंचीची, म्हाताऱ्या तोंडाची ही जमात म्हणे तिकडच्या कथलाच्या खाणींत पिढ्यान्‌पिढ्या राहते आणि जिथं माल चांगला असेल तिथं आतून दगडावर ठोकून खुणावते. त्यांच्यासाठी जेवणातल्या पेस्टीचा, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या भल्या मोठ्या करंजीचा, कोपरा बाजूला काढायचा, खाणीत शीळ घालायची नाही आणि बाईमाणसाला बोगद्यात पाऊल टाकू द्यायचं नाही, असे नियम. केझायाचा आजा, बाप आणि दोन भाऊ, सगळे खाणीत राबलेले. आज्यावर दरड कोसळली तेव्हा बुटक्यांनी आधी काही कळवलं नव्हतं. तेव्हापासून केझायाचं आणि त्यांचं पटत नव्हतं.

तीस वर्षांपूर्वी या पाइन गल्च गावात एकही छप्पर नव्हतं तेव्हा हॅनिबल आणि केझाया कॉर्नवॉल सोडून गाडीत बिऱ्हाड घालून कॅलिफोर्नियात आले. खाण म्हणजे काय, तर टेकडीत शिरलेला एक बोगदा, दाराशी एक दगडी गोल घाणा आणि घाण्याला जुंपलेलं खेचर. खेचर फिरायचं, मागचे धोंडे गारेच्या दगडाचा चुरा करायचे आणि केझाया त्यात पारा घालून सोनं पकडायची. सोन्याची शीर वीतभर रुंद. तिच्या जिवावर कुणी श्रीमंत झालं नाही, पण तीन लेकरं पोसली आणि त्यांतली दोन जगलीही. ज्याच्या नावावर एक भोक असेल तो प्रत्येक कॉर्निश माणूस स्वतःला कॅप्टन म्हणवतो, तसा हॅनिबलही कॅप्टन होता. त्याच्या हाताखाली फक्त डेन्झिल होता.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी कॅप्टन बोगद्यातून आला तो डोळ्यांत पाणी घेऊनच. केझायाला वाटलं, पोराला काही झालं. तिच्या हातातली पळी खाली पडली.

"आले," हॅनिबल म्हणाला. "केझाया, आले गं ते! समुद्र ओलांडून माझ्यामागं आले!"

"कोण? तुमचा भाऊ?"

"बुटके!"

मागून डेन्झिल धडधाकट आत आला. आवाज त्यानंही ऐकला होता. खडकाच्या आतून, लांबून, टक टक टक.

केझायानं पळी उचलून धुतली. "तीस वर्षं लागली होय त्यांना यायला? चालत आले वाटतं."

पण आता थट्टेचा उपयोग नव्हता. हॅनिबल रविवारी चॅपेलमध्ये प्रवचनाला उभा राहायचा. पाद्री महिन्यातून एकदाच यायचा, बाकीचे रविवार गावातलेच बोलणारे लोक आळीपाळीनं उरकायचे. त्या रविवारी यानं बायबलातल्या, माशाच्या पोटात गेलेल्या योनाच्या गोष्टीतून सुरुवात केली आणि शेवट बुटक्यांवर आणला. साऱ्या कॅलिफोर्नियात बुटके पहिल्यांदा आले ते कुणाकडे, तर ट्रेंबाथकडे. चहाच्या वेळी लोकांनी त्याला गराडा घातला. त्याचा हात हातात घेऊन हलवणाऱ्यांत टेकडीपलीकडच्या कंपनीचा मुकादमही होता. त्या कंपनीत साठ माणसं होती, त्यांतली निम्मी कॉर्निश. केझायाचा जावई मार्टिन पॅस्को तिथंच घण मारायचा. बायका केझायाचं अभिनंदन करून गेल्या, जसं काही तिनंच बुटक्यांना जन्म दिला होता.

मग रोजचा एक विधी सुरू झाला. संध्याकाळी काम आटोपलं की हॅनिबल बोगद्यात टोपी काढून उभा राहायचा आणि घणानं खडकावर तीन टोले मारायचा. थोड्या वेळानं पूर्वेकडून तीन टोले परत यायचे. रोज पूर्वेकडूनच. तेव्हा त्यानं ठरवलं की खरं घबाड पूर्वेला आहे. शीर उत्तरेला जात होती, बारीक होती, पण सोन्याची होती. ती त्यानं सोडली आणि डेन्झिलला घेऊन पूर्वेला नवा बोगदा मारायला घेतला. पूर्वेचा दगड करडा, कठीण आणि वांझोटा. मार्च गेला, एप्रिल गेला. घाण्याला दळण नाही, म्हणून खेचर तेवढं बाळसं धरू लागलं.

केझायाला बोगद्यात मज्जाव होता, पण टेकडीत तिचंही एक भोक होतं. स्वयंपाकघराच्या मागं, उतारात कोरलेलं कोठार. तिथं बटाटे, खारवलेलं डुकराचं मांस आणि लोण्याची मडकी असायची. एप्रिलमध्ये ती बटाट्याचे कोंब मोडत तिथं बसली होती तेव्हा तिला पायाखालून आवाज आला. हा आवाज पूर्वेचा नव्हता. थेट खालून येत होता, आणि शीर तिथूनच जात होती.

ती उठली नाही. बटाटे मांडीवर ठेवून ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही. आठवड्याभरात तिला सगळं पाठ झालं. सकाळी सातला सुरू. एक टोला जड, एक हलका, म्हणजे घण मारणारे दोघं आणि पहार फिरवणारा तिसरा. मधूनच दोन अगदी हलके टोले, टुक टुक, मग उसंत, मग पुन्हा सुरुवात. बाराला सगळं शांत. साडेबाराला पुन्हा. संध्याकाळी जमीन पाच-सहा वेळा हादरायची आणि मडक्यांवरची झाकणं वाजायची. रविवारी चिडीचूप.

रात्री जेवताना तिनं विषय काढला.

"कॅप्टन, तुमचे बुटके दुपारी बाराला काम थांबवतात."

"थांबवणारच. मी पेस्टीचा कोपरा ठेवतो ना त्यांना. जेवतात."

"एका कोपऱ्यात सातजण? अर्धा तास?"

"चावून खात असतील."

डेन्झिलनं तोंडावर हात धरला.

"आणि रविवारी?"

"रविवारी काय?"

"रविवारी ठोकत नाहीत."

हॅनिबलचा चेहरा उजळला. त्यानं काटा खाली ठेवला. "मला ठाऊकच होतं! मेथडिस्ट आहेत, आपल्याच पंथाचे! बघ डेन्झिल, तुझी आई चेष्टा करायला गेली आणि साक्ष देऊन बसली."

"आणि संध्याकाळी सुरुंग उडवतात ते? बुटक्यांना दारू कोण पुरवतं?"

"केझाया," हॅनिबल शांतपणे म्हणाला, "तू बटाट्यांत बसून खाण चालवायला लागलीस का?"

तिनं ताटं उचलली. तीस वर्षांत तिनं या माणसाला खूप गोष्टी पटवून दिल्या होत्या: नदी चढली की गाडी घालायची नाही, दाढ दुखते तर उपटायची, पारा तापवताना तोंड फिरवायचं. प्रत्येक गोष्ट त्यानं आधी चुकीची करून पाहिली होती. पण तेव्हा नुकसान त्याच्या अंगाचं व्हायचं. आता खालून घर पोखरलं जात होतं. कंपनीची हद्द टेकडीच्या माथ्यावर होती, दगडांचे ढीग रचून आखलेली. कोठार त्या हद्दीच्या अलीकडं दोनशे पावलांवर. तिथं जो कुणी घण मारत होता, तो ट्रेंबाथांचं सोनं काढत होता.

मे महिन्यात अंडी विकायच्या निमित्तानं ती जिल्ह्याच्या गावी गेली आणि हॅस्केल वकिलाच्या दारात उभी राहिली. वकील भला माणूस होता, तिची सगळी अंडी त्यानं घेतली. म्हणाला, न्यायाधीश हुकूम देऊ शकतात. मोजणीदार कंपनीच्या खाणीत उतरून मोजेल आणि चोरी दिसेल. पण अर्ज खाणमालकाच्या सहीचा हवा, शपथेवर हवा, आणि लवकर हवा. माल निघून गेल्यावर रिकाम्या भोकाला कोण विचारतो? त्यानं अर्ज लिहूनही दिला.

हॅनिबलनं तो चष्मा लावून वाचला. "'फेब्रुवारीपासून कंपनीच्या माणसांच्या घणांचा आवाज ऐकू येत असून...' हे काय आहे?"

"सही करा."

"म्हणजे मी न्यायाधीशाला सांगू की बुटके नव्हते?"

"न्यायाधीशाला बुटक्यांचं काही पडलेलं नाही हो. सही करा."

"आणि चॅपेलला काय सांगू? अख्ख्या गावाला मी सांगितलंय. योनाच्या गोष्टीबरोबर सांगितलंय!" त्यानं कागदाची घडी घातली आणि बायबलमध्ये ठेवून दिला. बायबलमध्ये ठेवलेला कागद त्याच्या दृष्टीनं निकालात निघालेला असायचा. केझायानं तो काढून आपल्या पेटीत ठेवला.

चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सणासाठी, सगळे गावात जमले. बँड वाजला, भाषणं झाली, आणि मग खरा कार्यक्रम, घणांची शर्यत. चौकात ग्रॅनाइटचा मोठा धोंडा आणून ठेवलेला. दोघादोघांच्या जोड्या, पंधरा मिनिटं, ज्याचं भोक जास्त खोल तो जिंकला. मार्टिन पॅस्को आणि त्याचा जोडीदार तिसऱ्या नंबरला चढले. पॅस्को उघड्या अंगानं घण चालवत होता, आणि केझायाची लेक लव्हडे, सहा महिन्यांची गरोदर, पुढं बसून टाळ्या पिटत होती.

भोक खोल गेलं की आखूड पहार काढून लांब घालावी लागते. पहिली पहार बदलायची वेळ आली. पॅस्कोनं घण आवरता घेतला आणि बाजूच्या दगडावर दोन हलके टोले मारले. टुक टुक.

केझायाच्या हातातला सरबताचा पेला तसाच राहिला. दुसरी पहार बदलताना पुन्हा, टुक टुक. तिसऱ्या वेळीही.

तिनं वळून नवऱ्याकडं पाहिलं. बोगद्यात हॅनिबललाही तो आवाज पाच महिने ऐकू येत होता. त्याचं तोंड उघडं पडलं होतं. गालांवरचा रंग उतरला होता. त्याला कळलं होतं. केझायानं ते स्पष्ट पाहिलं, दिवसाढवळ्या, तीन हातांवरून. मग त्यानं तोंड मिटलं आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायला लागला.

शर्यत संपल्यावर तिनं जावयाला गाड्यांच्या मागं गाठलं. तो डोक्यावर पाणी ओतत होता.

"जावईबापू, फार छान. ते दोन टोले कुणाकडून शिकलात?"

"माझे वडील मारायचे, आई. सवय आहे."

"माझ्या कोठाराखालीही मारता. सवयच आहे."

पॅस्कोनं तांब्या बाजूला ठेवला. तो खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. खाली बसला आणि बोलत सुटला. मुकादम म्हणाला होता, हद्द बरोबर आहे, तुम्ही घण मारा, नकाशे बघणं तुमचं काम नाही. पहिल्यांदा खरं वाटलं. मग वरून झाकणं वाजल्याचा आवाज आला आणि कळलं की हे आपल्या सासूचं कोठार.

"आणि दर रविवारी माझ्या घरी जेवायला येत होतास!"

"आई, नोकरी सोडली तर या जिल्ह्यात कुठलीही खाण मला उभं करणार नाही. लव्हडे अशी..."

"आणि ते पूर्वेचे टोले? संध्याकाळचे?"

पॅस्कोनं मान खाली घातली. हे सांगणं त्याला सगळ्यांत जड गेलं. "मुकादमानं एक माणूस ठेवलाय. पूर्वेच्या जुन्या फाट्यात. कॅप्टननी ठोकलं की उत्तर द्यायचं. म्हणाला, म्हातारा खूश राहील आणि तिकडंच खणत बसेल."

केझायाला हसू आलं. तिला स्वतःचीच भीती वाटली इतकं आलं. तिच्या नवऱ्यानं टोपी काढून, डोळे मिटून, पाच महिने ज्याला नमस्कार केला तो कंपनीचा पगारी माणूस होता! आणि हसता हसता तिला रडू फुटलं, कारण टोपी काढलेलं ते टक्कल तिला डोळ्यांपुढं दिसलं.

घरी आल्यावर तिनं हॅनिबलला आणि डेन्झिलला बसवून सगळं सांगितलं. पूर्वेच्या माणसाचंही सांगितलं. डेन्झिलनं टेबलावर मूठ आपटली. हॅनिबल ऐकत होता की नाही ते कळत नव्हतं.

"मार्टिनचं नाव कुठंही घ्यायचं नाही," केझाया म्हणाली. "पोरीचा संसार आहे. नुसतं घण ऐकले म्हणायचं. ही घ्या दौत."

"पॅस्को थकला होता," हॅनिबल म्हणाला. "थकलेला माणूस काहीही बरळतो."

तो उठून झोपायला गेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेस्टीचा कोपरा मोडून बोगद्यात शिरला. डेन्झिल त्या दिवसापासून त्याच्याबरोबर गेला नाही. हॅनिबल एकटाच वांझोट्या दगडावर घण मारत राहिला.

ऑगस्टच्या मध्यावर ठोकणं थांबलं. खालचंही आणि पूर्वेचंही. कोठारात इतकी शांतता झाली की केझायाला मडक्यातलं लोणी हलवतानाही दचकायला व्हायचं. हॅनिबल आठवडाभर टोपी काढून उभा राहिला, मग म्हणाला, "तुझ्या जिभेनं गेले ते." चॅपेलमधल्या दोन बायका तिचं सांत्वन करायला आल्या. केझायानं त्यांना दारातूनच वाटेला लावलं.

सप्टेंबरात एका पहाटे धडाड आवाज झाला. सगळे बाहेर धावले. कोठाराचा तळ नव्हताच! बटाटे, मांसाचं पिंप, मडकी, सगळं गडप. डेन्झिलनं दोर बांधून कंदील खाली सोडला. खाली चॅपेल मावेल एवढी पोकळी होती. भिंतीला उत्तरेकडं गारेची पांढरी रेघ राहिली होती, बोटभर. बाकी सगळं खरवडून नेलेलं.

"बाबा," डेन्झिल म्हणाला, "आता सही करा, नाहीतर मी आज निघालो."

हॅनिबलनं सही केली. पायाखालची जमीन गेल्यावर सही करायला फारसं धाडस लागत नाही.

ऑक्टोबरात प्रकरण कोर्टात उभं राहिलं. कंपनीनं आपल्या बाजूचा बोगदा सुरुंगानं बुजवून टाकला होता. त्यांचा वकील म्हणाला, ही पोकळी जुनी आहे, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी खणून सोडून दिलेली, आमच्या अशिलानं तिथं घण उचललेला नाही. घण मारणारे साठजण कोर्टात होते, आणि साठांनाही काही आठवत नव्हतं. केझायानं साक्ष दिली. वकिलानं विचारलं, बाई, तुम्ही खाणीत कधी गेलाय? नाही. मग आवाज कुठं ऐकला? कोठारात. बटाट्यांत? लोक हसले. डेन्झिल मुलगा, म्हणून त्याचं वजन कमी. राहिला कॅप्टन.

हॅस्केल वकिलानं आदल्या दिवशी घरी येऊन त्याला समजावलं होतं. न्यायाधीश स्वतः खाणकामगाराचा मुलगा. तीस वर्षं घण मारलेला म्हातारा बायबलवर हात ठेवून एक शब्द बोलला तर निकाल आपला. कुणाचे घण, किती घण, काही सांगू नका. फक्त तो शब्द. हॅनिबलनं मान डोलावली होती. केझायानं त्याचा काळा कोट झटकून इस्त्री केला होता आणि दाढी तिनं स्वतः कातरली होती.

तो उभा राहिला तेव्हा खरंच भारदस्त दिसत होता. कोर्ट चॅपेलच्या माणसांनी भरलं होतं. मागच्या बाकावर पॅस्को टोपी चुरगाळत बसला होता, शेजारी लव्हडे, दिवस भरत आलेले. शपथ झाली.

"कॅप्टन ट्रेंबाथ," हॅस्केलनं विचारलं, "फेब्रुवारी ते ऑगस्ट तुम्ही तुमच्या खाणीत कशाचा आवाज ऐकलात?"

हॅनिबलनं समोर पाहिलं. मुकादमाकडं, चॅपेलवाल्यांकडं, मागच्या बाकाकडं. केझाया ओठ हलवत होती, घण, घण, एवढंच म्हणा.

"बुटक्यांचा," हॅनिबल म्हणाला.

क्षणभर कुणाला समजलंच नाही. मग जे हसणं फुटलं ते आवरायला न्यायाधीशाला तीन वेळा टेबल वाजवावं लागलं. कंपनीच्या वकिलानं उलटतपासणीही घेतली नाही, फक्त वाकून आभार मानले. पाऊण तासात सगळं आटोपलं. दावा गेला, आणि तीस वर्षांची शीर कायमची कंपनीच्या घशात गेली.

परतीच्या वाटेवर गाडीत दोघंच होती. डेन्झिल गावातच राहिला होता, काम शोधायला. पहिले तीन मैल केझायाच्या मनात फक्त शिव्या होत्या. मग हळूहळू तिला मागचा बाक आठवला. हॅनिबलनं बोलायच्या आधी तिकडं पाहिलं होतं. तिथं लव्हडे बसली होती, पोटावर हात ठेवून. घण म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कुणाचे? आणि शपथेवर खोटं बोलणं त्याला जमलं नसतं. मग जावयाचं नाव आलं असतं, नोकरी गेली असती, कदाचित तुरुंगही. म्हणून त्यानं सगळ्या जिल्ह्याचं हसं स्वतःच्या अंगावर ओढून घेतलं. खाणीवर पाणी सोडलं, पण लेकीला वाचवलं. आणि आपण? आपण या माणसाला तीस वर्षं वेड्यात काढत आलो! तिला स्वतःची लाज वाटली. तिनं लगाम धरलेल्या त्याच्या हातावर हात ठेवला. असा हात तिनं किती वर्षांत ठेवला नव्हता.

"कॅप्टन," ती म्हणाली, आणि या वेळी त्यात टोमणा नव्हता. "लव्हडेसाठी म्हणालात ना तुम्ही ते?"

हॅनिबलनं तिच्याकडं पाहिलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"लव्हडे? तिचा काय संबंध?"

"मार्टिनचं नाव येऊ नये म्हणून. म्हणून बुटके म्हणालात."

"मी शपथेवर बोललो, केझाया. ऐकलं तेच सांगितलं."

"अहो, ते दोन टोले! चार जुलैला तुम्हीही ऐकलेत. मी तुमचं तोंड पाहिलं!"

"ऐकले की," हॅनिबल म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, जितकं खटला जिंकूनही आलं नसतं. "तेव्हा थोडा गोंधळलो होतो, खोटं कशाला बोलू. पण मग विचार केला. पॅस्कोच्या बापाला ते टोले कुणी शिकवले असतील? तोही कॉर्नवॉलच्याच खाणीत होता ना? त्यांच्याकडूनच शिकला असणार."

केझायानं हात काढून घेतला. गाडी चालत असतानाच ती खाली उतरली, झगा सावरला आणि रस्त्याच्या कडेनं चालू लागली. हॅनिबलनं खेचर थांबवलं.

"अगं, अजून चार मैल आहेत! पाय दुखतील तुझे!"

ती गाडीला मागं टाकून पुढं निघून गेली.